मुलीला ड्रॉइंग जमत नाही म्हणून शाखा बदलायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमाला गेली, गणितात चांगली आहे, पण पहिल्या चाचणीत इंजिनिअरिंग ड्रॉइंगला 20 पैकी 6 पडले. फिटिंग शॉपच्या, म्हणजे धातू हातानं कापण्या-घासण्याच्या कार्यशाळेच्या, दिवशी मनगट दुखतंय म्हणत घरी येते. तिचे मामा म्हणतात, "मुलींच्या डोक्यात या गोष्टी बसतच नाहीत, हे शास्त्रानं सिद्ध झालंय. आत्ताच कॉम्प्युटरला बदलून घ्या." तुम्ही विचारताय की असा फरक खरंच असतो का, आणि असेल तर पोरीला उगाच कशाला त्रास द्यायचा.

शाखा बदलू नका. निदान या कारणासाठी तरी अजिबात नको. मी आधी कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, प्रेस टूलच्या (पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या साच्यांच्या) डिझाइनवर काम केलं आणि त्यानंतरची सगळी नोकरी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवण्यात गेली. पहिल्या चाचणीत आपटलेली आणि वर्षअखेरीस असेंब्ली ड्रॉइंग (अनेक भाग जोडून होणाऱ्या यंत्राचं चित्र) व्यवस्थित वाचणारी मुलं-मुली मी दर बॅचला पाहते. पण नुसतं "काही काळजी करू नका" म्हटल्यानं मामांचं समाधान होणार नाही आणि तुमचंही होऊ नये. त्यांच्या म्हणण्यात एक खरा धागा आहे. तो कुठून सुरू होतो आणि कुठे तुटतो, ते नीट सांगते.

1971 साली शेपर्ड आणि मेट्झलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. छोटे ठोकळे एकाला एक चिकटवून केलेल्या वाकड्यातिकड्या आकृत्यांची दोन चित्रं समोर ठेवायची आणि विचारायचं : ही एकच वस्तू फिरवून काढली आहे, की दुसरी तिची आरशातली उलटी आकृती आहे? लोक ती वस्तू मनातल्या मनात फिरवून बघतात आणि मग उत्तर देतात. दोन चित्रांमधला कोन जितका जास्त, तितका वेळ जास्त, आणि तोही अगदी सरळ रेषेत वाढणारा. पुढे यावरून कागदावरची चाचणी तयार झाली आणि ती हजारो विद्यार्थ्यांना दिली गेली. या एका प्रकारच्या चाचणीत पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा वर येते. देश बदलला, वर्षं बदलली तरी बहुतेक वेळा येते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण "अवकाशाची समज" नावाची एकच एक गोष्ट नसते. 1985 मध्ये लिन आणि पीटरसन यांनी तोपर्यंतचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. वस्तू मनात फिरवण्याच्या कामात फरक बऱ्यापैकी मोठा निघाला. कागदाला घड्या घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, एखाद्या गुंतागुंतीच्या आकृतीत साधी आकृती कुठे लपली आहे, अशा अनेक पायऱ्यांच्या कामात तो जवळजवळ नव्हताच. कुठली वस्तू कुठे ठेवली होती हे लक्षात ठेवण्यात तर बायका थोड्या पुढे येतात. 1992 साली सिल्व्हरमन आणि ईल्स यांनी हे दाखवलं आणि पुढच्या अभ्यासांतही ते बऱ्याच प्रमाणात टिकलं. मेकॅनिकलच्या ड्रॉइंगला यातलं सगळंच लागतं. शीट काढताना तुम्ही पहिल्या प्रकारचं काम काही क्षण करता आणि दुसऱ्या प्रकारचं तासभर.

आता "सरासरी वर" म्हणजे किती वर, हेही बघू. मनात वस्तू फिरवण्याच्या चाचणीतला जो फरक सर्वसाधारणपणे सांगितला जातो, त्याचा हिशेब केला तर चिठ्ठ्या टाकून एक मुलगा आणि एक मुलगी निवडली, तर 100 पैकी सुमारे 65 वेळा मुलाचे गुण जास्त येतील आणि 35 वेळा मुलीचे. म्हणजे सगळ्यात मोठा फरक जिथे दिसतो, तिथेही तीन जोड्यांमागे एका जोडीत मुलगीच पुढे असते. सरासरीतला फरक त्या त्या गटातल्या चढउतारांच्या तुलनेत मोजला, तर स्त्री-पुरुषांच्या उंचीतला फरक याच्या तिपटीहून जास्त भरतो. वर्गात साठ जण बसले असतील आणि मला फक्त एवढंच सांगितलं की अमुक एक मुलगी आहे, तर तिला ड्रॉइंग जमेल की नाही याबद्दल मला जवळजवळ काहीच कळलेलं नसतं. सरासरीवरून एका माणसाचा निकाल लावायचा नसतो, आणि मामा नेमकं तेच करताहेत.

दुसरी बाब घड्याळाची. या चाचण्या बहुतेक वेळा अगदी थोड्या मिनिटांत सोडवायच्या असतात. 2011 मध्ये व्हॉयर यांनी दाखवलं की वेळेचं बंधन कडक असेल तर फरक वाढतो आणि वेळ मोकळा दिला तर कमी होतो. पूर्ण जात नाही, पण कमी होतो. मुली एकेक पर्याय तपासून खात्री करून घेतात, मुलं पहिला पटला की पुढे सरकतात, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. वर्गात मलाही असंच दिसतं. मुली रेष मारण्याआधी तीनदा मोजतात, खोडतात, पुन्हा मोजतात, आणि वेळ संपला तेव्हा शीट अर्धी राहिलेली असते. कारखान्यात मात्र तीनदा मोजणारा माणूस सोन्याचा. चुकीच्या ड्रॉइंगवरून डाय (साचा) कापली गेली की काय होतं ते टूलरूममधल्या कुणालाही विचारा.

हा फरक जन्मजात आहे का? तीन ते पाच महिन्यांच्या बाळांवर 2008 साली दोन वेगवेगळ्या ठिकाणी अभ्यास झाले आणि त्यांत वस्तू मनात फिरवता येण्याची चिन्हं मुलग्यांमध्ये जास्त दिसली. काहीतरी जैविक भाग असेल, मी तो हट्टानं नाकारत नाही. पण त्या छोट्या भागावर आयुष्यभराचे थर चढतात आणि ते थर फार जाड असतात. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच देशातलं आहे.

ईशान्येला खासी आणि कार्बी असे दोन समाज शेजारी शेजारी राहतात. शेती सारखी, खाणंपिणं सारखं, वंशही बराचसा एक. खासींमध्ये वारसा आईकडून मुलीकडे जातो, घरदार धाकट्या मुलीच्या नावावर असतं. कार्बींमध्ये बापाकडून मुलाकडे. हॉफमन, ग्नीझी आणि लिस्ट या संशोधकांनी दोन्हीकडच्या गावांत मिळून जवळपास 1,300 लोकांना चार तुकड्यांचं एक साधं कोडं जोडायला दिलं, लवकर जोडलं तर जास्त पैसे. कार्बी गावांत पुरुषांनी बायकांपेक्षा स्पष्टपणे कमी वेळ घेतला. खासी गावांत बायका आणि पुरुषांत फरकच उरला नाही. हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन समाजांतल्या या तफावतीचा साधारण एक तृतीयांश भाग नुसत्या शिक्षणातल्या फरकानं समजावता येतो, असंही त्यांनी दाखवलं. कार्बी बाई आणि खासी बाई यांच्या मेंदूत निसर्गानं वेगवेगळं काही ठेवलं असेल, असं म्हणायला जागा नाही. कुणाच्या हातात काय दिलं गेलं, कुणाला शाळेत पाठवलं, कुणाला "तू कर, तुला येईल" असं सांगितलं, हेच तिथे वेगळं होतं.

रस्ता शोधण्याच्या बाबतीतही असंच दिसलं. मोबाइलवरच्या एका दिशा शोधण्याच्या खेळातून लाखो लोकांची माहिती मिळाली आणि 2018 साली ती प्रसिद्ध झाली. ज्या देशांत स्त्री-पुरुष समानता जास्त, तिथे दोघांमधली दरी लहान.

आता माझ्या वर्गाकडे येते, कारण तुमच्या लेकीचं उत्तर तिथे आहे.

पहिल्या महिन्यात आम्ही फळ्यावर एका ब्रॅकेटचं तिरपं चित्र देतो. इंग्रजी एल अक्षरासारखा ठोकळा, उभ्या बाजूला आरपार भोक, आडव्या बाजूला खाच. त्यावरून समोरून, वरून आणि बाजूनं कसा दिसेल ते काढायचं. ज्यांनी असा तुकडा कधी हातात धरलेला नाही, ते भोकाचं वर्तुळ बरोबर काढतात, पण वरून बघताना तेच भोक दोन तुटक रेषांनी दाखवायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. तो धातूच्या आत लपलेला पोकळ दंडगोल त्यांना "दिसत" नाही. आता हे कुणाला दिसतं? ज्याच्या वडिलांचं गॅरेज आहे, काकाचं वेल्डिंगचं दुकान आहे, ज्यानं सायकलचं फ्रीव्हील उघडून छर्रे घरभर केलेत, त्याला दिसतं. आमच्याकडे अशी मुलं बहुतेक मुलगेच असतात. बारा वर्षं नुसती पुस्तकं आणि क्लास केलेला मुलगा मात्र तुमच्या मुलीइतकाच अडखळतो. फरक इतकाच की त्याला 6 पडले तर घरी म्हणतात, "अभ्यास करत नाहीस." तिला 6 पडले तर म्हणतात, "तुला जमणार नाही." मला या दुसऱ्या वाक्याचा मनापासून राग येतो, कारण त्यानंतर मुली शंका विचारणं बंद करतात.

2005 साली शिकागो परिसरातल्या दुसरी-तिसरीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासातही असंच काहीसं निघालं. खाऊनपिऊन सुखी घरांतले मुलगे मुलींच्या पुढे होते, गरीब घरांत मात्र मुलगे आणि मुली सारखेच. गरिबीनं मुलींना काही दिलं असं नाही. ठोकळे, जोडायचे खेळ, व्हिडिओ गेम हे जिथे मुलग्यांनाही मिळत नाही तिथे त्यांची आघाडीही नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि मला तो पटतो.

आणि मुलींच्या हातात काहीच नसतं असंही नाही. त्यांच्या हातात जे असतं त्याला कुणी इंजिनिअरिंग म्हणत नाही, एवढंच. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी ब्लाउज शिवतं का? शिवत असेल तर लेकीला तिथे बसवा. सपाट कापडावर खडूनं पाठ, पुढचा भाग, बाही आखायची, मुंढ्याचा घेर आणि बाहीचा घेर जुळवायचा, आणि शिवल्यावर ते गोल शरीरावर बसलं पाहिजे. टक्स घेताना शिंपीण काय करते? सपाट कापडातून पाचरीसारखा तुकडा मिटवते आणि दोन कडा एकत्र शिवते. त्यामुळे कापडाला शंकूचा फुगीरपणा येतो.

आता हेच आमच्या विषयात बघा. पत्र्याचा शंकू करायचा असेल तर तो उलगडल्यावर वर्तुळाचा एक पाकळीसारखा भाग मिळतो. शंकूच्या तळाची त्रिज्या 25 मिमी आणि तिरपी उंची 75 मिमी असेल, तर त्या भागाचा कोन 360 गुणिले 25 भागिले 75, म्हणजे 120 अंश येतो. पूर्ण वर्तुळातले उरलेले 240 अंश कापून टाकायचे आणि राहिलेल्या कडा जोडायच्या. शिंपिणीचा टक्स म्हणजे हाच काढून टाकलेला भाग, फक्त तिच्याकडे तो काही अंशांचाच असतो. मी हा धडा घेताना मुलांना एक जुना ब्लाउज उसवून शीटवर पसरून दाखवते. ज्या मुली सुट्टीत आईबरोबर मशीनवर बसलेल्या असतात त्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात. जी गोष्ट त्यांना आधीपासून येत होती, तिला सूत्र असतं हे त्यांना त्या दिवशी कळतं. पृष्ठभाग उलगडण्याच्या या प्रकरणात माझ्या वर्गातल्या मुली सहसा मागे नसतात.

सरावानं किती फरक पडतो, याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी या प्राध्यापिकेनं 1993 पासून एक छोटा अभ्यासक्रम चालवला. इंजिनिअरिंगला आलेल्या प्रत्येकाची वस्तू फिरवण्याची चाचणी घ्यायची आणि ज्यांना 60 टक्के किंवा त्याहून कमी पडतील त्यांना जादा सराव द्यायचा. कमी पडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा खूप जास्त होतं. सराव काय, तर ठोकळे जोडून त्यांची हातानं चित्रं काढणं, एकच आकृती वेगवेगळ्या कोपऱ्यांतून काढणं, अक्षाभोवती फिरवून काढणं. हे विद्यार्थी पुढे ग्राफिक्समध्ये सुधारलेच, शिवाय त्यांच्यातल्या मुलींचं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडण्याचं प्रमाण घटलं. नुसत्या संगणकावर बघण्यापेक्षा हातानं काढण्याचा उपयोग जास्त होतो, हेही त्यांच्या कामातून पुढे आलं. आजकाल "सॉफ्टवेअर सगळं फिरवून दाखवतं, कशाला हातानं काढायचं" असं मुलं म्हणतात, त्यांना मी हेच सांगते.

टोरोंटो विद्यापीठात 2007 साली याहून अनपेक्षित प्रयोग झाला. मुलामुलींना एकूण 10 तास एक मारधाडीचा व्हिडिओ गेम खेळायला लावला. दोघांचेही गुण वाढले, मुलींचे जास्त वाढले, आणि काही महिन्यांनी तपासलं तेव्हाही ती वाढ टिकून होती. पुढे 2013 मध्ये 217 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा असं दिसलं की अवकाशाची समज सरावानं चांगली वाढते, ती टिकते, आणि स्त्री-पुरुष दोघांची साधारण सारखी वाढते.

यावर मामा म्हणतील, दोघंही सारखेच वाढले तर दरी तशीच राहिली की. बरोबर, सरासरी घेतली तर काही ठिकाणी ती राहते. पण तुमच्या मुलीला राज्यातल्या सगळ्या मुलग्यांच्या सरासरीला हरवायचं नाहीये. तिला ड्रॉइंग वाचता यायला जेवढं लागतं तेवढं यायला हवं आहे. तेवढं काही आठवड्यांच्या नेटक्या सरावात येतं. त्या रेषेच्या पुढे गेल्यावर चांगला डिझायनर कोण होतो, हे चिकाटी, मापातली शिस्त आणि मटेरियलची जाण यांवर ठरतं. टूलरूममध्ये आमचे ज्येष्ठ फिटर नवीन ट्रेनीला आकृत्या फिरवायला सांगत नसत. "आधी मायक्रोमीटर नीट धरून दाखव" म्हणत.

तर करायचं काय, ते सांगते. घरात रोज अर्धा तास, जास्त नको. एक अंगाच्या साबणाची वडी घ्या आणि सुरीनं तिला खाच पाडा, पायरी काढा, एक कोपरा तिरपा उडवा. मग तिनं ती टेबलावर ठेवून कागदावर मोकळ्या हातानं तिन्ही बाजूंची दृश्यं काढायची. पट्टी नाही, ड्राफ्टर नाही. दुसऱ्या दिवशी उलटं : पुस्तकातल्या तीन दृश्यांवरून साबणाची वडी कापून वस्तू तयार करायची. हा उलटा सराव फार महत्त्वाचा आहे, कारण त्यात चुकलं तर चूक हातातच दिसते, मास्तरांनी सांगावी लागत नाही. छेद, म्हणजे वस्तू कापल्यावर आत कशी दिसते, हे कळायला बटाटा पुरतो. बटाट्याचा चौकोनी ठोकळा करा, पेनाच्या टोपणानं त्यात भोक पाडा, मग मधोमध चिरा. कापलेल्या भागाला शाई लावून कागदावर ठसा घेतला की हॅचिंग (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरप्या रेषा) कुठे करायचं आणि कुठे नाही ते कायमचं कळतं. भोकाच्या जागी शाई लागत नाही, तिथे हॅचिंगही नाही. तिरप्या चित्रांसाठी ठिपक्यांचा आयसोमेट्रिक कागद स्टेशनरीत मिळतो किंवा छापून घेता येतो. ठिपक्यांची रांगोळी काढलेल्या मुलींना त्याची भीती वाटत नाही.

सुरुवातीला तिला वेळ लागेल. लागू द्या. घड्याळ महिनाभरानं लावा.

आता मनगटाचं. इथे स्त्री-पुरुषांतला फरक खरा आहे आणि मोठा आहे, तो लपवून चालणार नाही. हाताची पकड आणि खांद्याची ताकद पुरुषांत सरासरीनं बरीच जास्त असते आणि ती मनात वस्तू फिरवण्याच्या फरकासारखी अर्धीमुर्धी नाही. पण मनगट दुखण्याचं पहिलं कारण मी ताकदीत शोधत नाही, बेंचच्या उंचीत शोधते. फाइल म्हणजे कानस मारताना, तुकडा घट्ट धरणाऱ्या व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला असावा, असा साधा नियम आहे. म्हणजे हात वाकवून मूठ हनुवटीखाली धरली तर कोपर जबड्याला टेकलं पाहिजे. आपल्याकडे पुरुषांची सरासरी उंची 165 सेमीच्या आसपास आणि बायकांची 152 च्या आसपास. शॉपमधले बेंच पुरुषांच्या बेतानं बसवलेले असतात. तुमची मुलगी दीडशे सेंटिमीटर उंचीची असेल तर तिला खांदे वर उचलून फाइल मारावी लागते, शरीराचं वजन फाइलवर येत नाही, सगळा भार मनगटावर येतो. तिनं इन्स्ट्रक्टरना विचारून पायाखाली लाकडी पाट किंवा फळी घ्यावी. डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर, ढकलताना दाब, मागे घेताना फाइल हलकी. एवढं केलं तरी बहुतेक मुलींची तक्रार थांबते. बुटक्या मुलांचीही थांबते.

लेथचा चक (तुकडा पकडणारा भाग) घट्ट करणं, जॉब म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा उचलणं, इथे ताकद लागते. पण कारखान्यात कुणीही शहाणा माणूस जड जॉब हातानं उचलत नाही, त्यासाठी होइस्ट (उचलण्याचं यंत्र) असतो. सुरक्षेचे नियम पुरुषांच्याही कंबरा वाचवायलाच केलेले आहेत. ज्या शॉपमध्ये काम फक्त मनगटाच्या जोरावर चालतं, तिथे नियोजन कमी पडतंय असं समजावं.

"बायकांची बोटं नाजूक, त्यांना बारीक काम चांगलं जमतं" हे कौतुकही जरा तपासून घ्या. छोट्या पिना छिद्रांत बसवायच्या चाचणीत बायका पुढे येतात हे खरं. पण 1990 मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी बोटांची जाडी हिशेबात धरली तेव्हा तो फरक नाहीसा झाला. बारीक बोटांचे पुरुषही तितकेच चपळ निघाले. या कौतुकाच्या आडून मुलींना वर्षानुवर्षं वायंडिंग, सोल्डरिंग आणि पॅकिंगच्या टेबलांवरच बसवलं जातं, पगार कमी आणि बढतीची वाट बंद. तुमच्या मुलीला पुढे कुणी असं सुचवलं तर तिनं विचारावं की डिझाइन किंवा मेंटेनन्सला जायची संधी कधी मिळेल.

तंत्रनिकेतनातून गेलेल्या मुली पुढे कुठे पोहोचतात, याचं उदाहरण हवं असेल तर साताऱ्याच्या सुरेखा यादव आहेत. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकल डिप्लोमा, मग रेल्वेत सहायक चालक, आणि आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची नोंद झाली. घाटात गाडी चालवताना चढ, उतार, वळण, मागच्या डब्यांचं वजन आणि ब्रेक लागायला लागणारा वेळ यांचा एकत्र अंदाज घ्यावा लागतो. अवकाशाची समज आणि हाताचं कसब दोन्ही एका जागी वापरायचं हे काम त्यांनी तीन दशकांहून जास्त केलं, आणि मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. पुण्यात तर 1991 पासून फक्त मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज चालू आहे. तिथे मेकॅनिकलला बसलेल्या मुलींची तुलना करायला शेजारच्या बाकावर मुलगाच नसतो. ज्या वर्गात सगळ्याच मुली असतात तिथे अडलेली मुलगी "मुलगी म्हणून" अडलेली नसते, नुसती अडलेली असते. मग तिला शिकवलं जातं.

शाखा बदलण्याचा विचार कधी करायचा? तिनं स्वतः येऊन सांगितलं की मला यंत्रांत रस नाही, मला प्रोग्रॅमिंग आवडतं, तर जरूर करा. पण आधी एवढं बघा की ते ती आवडीनं म्हणतेय की 6 गुणांच्या धसक्यानं. धसक्यात मुली "मला आवडत नाही" असंच म्हणतात, "मला येत नाही" म्हणत नाहीत. हा निर्णय निदान दुसऱ्या चाचणीनंतर घ्यावा.

आणि त्याआधी तिची ती पहिली शीट मागून घ्या. 14 गुण कुठे गेले ते तिच्याबरोबर बसून बघा. आपल्याकडे प्रथम कोन पद्धत शिकवतात, त्यात वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजव्या बाजूला. नवख्यांना हे उलटं वाटतं आणि तिन्ही दृश्यं बरोबर काढूनही ती चुकीच्या जागी ठेवली म्हणून गुण जातात. हा नियम लक्षात ठेवायचा असतो, त्याचा डोक्यात वस्तू फिरवण्याशी संबंध नाही, दोन दिवसांत सुटतो. मापं देताना बाणांची टोकं, रेषांची जाडी, अक्षरं यांत गेले असतील तर तोही हाताच्या सवयीचा भाग. तुटक रेषा राहिल्या असतील, किंवा तिरपी बाजू वरच्या दृश्यात सपाट दाखवली असेल, तर मात्र साबणाची वडी काढा. दुसऱ्या चाचणीच्या शीटमध्ये आधी त्या तुटक रेषा शोधा. त्या जागच्या जागी आलेल्या असतील, तर एकूण गुण 11 असोत की 15, अवघड भाग तिनं ओलांडला आहे, राहिलेला वेग आणि सफाई सेमिस्टर संपेपर्यंत येईल.